कराचा कौल



वसंत व्याख्यानमालेत उभे राहणाऱ्याने काव्यावर बोलावे, संतांवर बोलावे, फार तर इतिहासावर बोलावे, अशी आपल्याकडे रूढी आहे. दिवसभर उन्हाने भाजून निघालेला माणूस संध्याकाळी चार घटका मोकळ्या हवेत बसायला येतो. त्याच्यापुढे घरपट्टीचा विषय काढणे हा एक प्रकारे त्याचा छळच होय. हे ठाऊक असूनही आम्ही आज तोच विषय घेतला आहे. याला एक आधारही आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ही व्याख्यानांची परंपरा सुरू केली, ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. नागरिकाला आपल्या सार्वजनिक कामांची समज यावी, हा त्यामागचा हेतू होता. आणि घरपट्टीइतके सार्वजनिक काम दुसरे कोणते आहे? ती तर सर्वांच्या उंबऱ्यापर्यंत येते.

आमचा प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या गावात कर किती असावा, तो कशासाठी घ्यावा आणि गावाचा कारभार कोणत्या पद्धतीने चालावा, हे कोण ठरवते? आणि ते ठरवताना आपल्याला कुणी विचारते काय?

मराठीत एक जुना शब्द आहे, 'कौल'. आज तो आपण निवडणुकीच्या निकालापुरता वापरतो. मतदारांनी कौल दिला, असे वर्तमानपत्रे म्हणतात. परंतु हा शब्द मुळात कराच्याच व्यवहारातला आहे. कौल म्हणजे दिलेला शब्द, अभयवचन. दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांनी ओसाड पडलेले गाव पुन्हा वसवायचे असले, की सरकार रयतेला कौल देई. पहिल्या वर्षी सारा अमुक, दुसऱ्या वर्षी त्याहून थोडा अधिक, आणि इतक्या वर्षांनी पुरा. या चढत्या साऱ्याच्या कराराला इस्ताव्याचा कौल म्हणत. तो हाती पडल्यावरच कुणबी नांगर धरी. तेव्हाची राज्ये लोकशाहीची नव्हती, तरी कर घेण्याआधी शब्द द्यावा लागतो एवढे त्यांना कळत होते. एकाच शब्दात कराविषयीचे वचनही आहे आणि लोकांचा निर्णयही आहे. आजच्या भाषणाचे सार या दोन अर्थांत आहे.

आता थोडे दूर जाऊ. अमेरिकेत जिल्ह्यासारखा एक घटक असतो, त्याला काउंटी म्हणतात. कॅलिफोर्निया राज्यातल्या एखाद्या काउंटीत मतदार मत द्यायला जातो, तेव्हा त्याच्यापुढे केवळ उमेदवारांची यादी नसते. त्याच मतपत्रिकेवर पुढे प्रश्न छापलेले असतात. शाळांच्या इमारतींसाठी कर्ज काढावे काय? विक्रीकर पाव टक्क्याने वाढवावा काय? नगराच्या सनदेतले अमुक कलम बदलावे काय? मतदाराने 'होय' किंवा 'नाही' एवढेच सांगायचे. १९९६ साली तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत केलेल्या दुरुस्तीनुसार स्थानिक संस्थेला सामान्य खर्चासाठी नवा कर बसवायचा असेल तर मतदारांचे साधे बहुमत लागते. एखाद्या विशिष्ट कामासाठी कर बसवायचा असेल तर सर्वसाधारणपणे दोन तृतीयांश मते लागतात.

हे ऐकून आपल्याला वाटेल, की असे असते तर कर कधीच वाढला नसता. स्वतःच्या खिशाला कात्री लावायला कोण तयार होईल? पण अनुभव तसा नाही. २०१७ सालच्या मार्चमध्ये लॉस एंजेलिस काउंटीत बेघर लोकांच्या निवाऱ्यासाठी आणि सेवेसाठी विक्रीकर पाव टक्क्याने वाढवावा, असा प्रश्न मतदारांपुढे आला. दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी 'होय' म्हटले. काम कोणते, पैसा किती आणि तो किती वर्षे द्यायचा, हे स्पष्ट असले म्हणजे माणसे कर द्यायला तयार होतात. उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार स्थानिक कर ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवायचा असेल तर लोकांचे मत घ्यावे लागते. २०१५ साली बेडफर्डशायर परगण्यात पोलिसांसाठीच्या वाढीव करावर असे मतदान झाले आणि लोकांनी ती वाढ साफ नाकारली. म्हणजे लोक सदा 'नाही' म्हणतात हेही खरे नाही, आणि सदा 'होय' म्हणतात हेही खरे नाही. ते प्रश्न पाहून उत्तर देतात.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते अर्धसत्य होईल. त्याच कॅलिफोर्नियात ६ जून १९७८ रोजी मतदारांनी एक मोठा निर्णय घेतला. घरांच्या किमती भराभर चढत होत्या आणि त्याबरोबर घरपट्टीही चढत होती. म्हातारी माणसे घर विकावे लागेल म्हणून धास्तावली होती. हॉवर्ड जार्विस नावाच्या गृहस्थाने चळवळ उभारली, आणि मतदारांनी जवळजवळ पासष्ट टक्के मतांनी ठरवले, की घरपट्टी मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्याहून अधिक नसावी आणि घर विकले जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवू नये. घरपट्टीचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. लोकांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. पुष्कळांची घरे खरोखरच वाचली.

पण पुढे काय झाले? नगरांची आणि शाळांची तिजोरी आटली. ती भरायला राज्य सरकार पुढे आले, आणि ज्याचा पैसा त्याचा हुकूम, या न्यायाने जे निर्णय गावात होत ते राजधानीत होऊ लागले. शिवाय एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांना निरनिराळा कर लागू लागला. जुन्या मालकाला थोडा, नव्याने घर घेणाऱ्याला कितीतरी अधिक. लोकांनी कर कमी करण्यावर मत दिले होते. गावाचा कारभार दूर जावा यावर त्यांनी मत दिले नव्हते. तरी तो दूर गेला.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली, कारण तीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे ती मतदानावाचून घडली.

या सभेतल्या वडीलधाऱ्या मंडळींना जकात नाका आठवत असेल. गावाच्या वेशीवर बांबू आडवा टाकलेला असे. बैलगाडी असो की मालमोटार, पावती फाडल्यावाचून ती आत येत नसे. जकात हा वाईट कर होता, यात शंका नाही. गाड्या तासन् तास खोळंबत, आणि पावतीवाचून माल आत जाण्याच्या वाटाही सर्वांना ठाऊक होत्या. पण तो गावाचा स्वतःचा कर होता. गावाचा व्यापार वाढला की गावाची तिजोरी वाढे. १९९९ साली महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. तिच्या जागी राज्य सरकारचे सहायक अनुदान आले.

पुढे १ नोव्हेंबर २०११ रोजी परभणीची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. त्या वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर गेली होती, आणि महानगरपालिकेसाठी कायद्याने तीन लाखांची वस्ती लागते. पाटी बदलली, कायदाही बदलला. नगरपालिकांचा १९६५ चा कायदा गेला आणि महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा लागू झाला. त्याच सुमारास राज्यातल्या महानगरपालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर येत होता. व्यापाऱ्याने आपल्या वह्यांवरून हिशेब करून तो भरायचा. २०१३ साली राज्यभरच्या व्यापारपेठांनी त्याविरुद्ध बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल पन्नास कोटींच्या आत आहे त्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि उरलेली जकात व हा कर दोन्ही संपले. महानगरपालिकांना भरपाई देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला.

या सर्व घडामोडींत गावाला प्रश्न कुणी विचारला? जकात जावी काय, तिच्या जागी काय यावे, यावर गावाचे मत कुणी घेतले? व्यापाऱ्यांनी आपले मत दुकाने बंद करून सांगितले. बाकीच्यांनी सांगितलेच नाही. कर गेला याचा आनंद सर्वांना झाला. पण गावाचा पैसा आता मुंबईहून येणार, आणि तो केव्हा व किती येणार हे आपण ठरवणार नाही, याची हळहळ फार थोड्यांना वाटली. कॅलिफोर्नियात मतदानाने जे झाले ते आपल्याकडे आदेशाने झाले. फळ मात्र एकच. ज्याच्या हातून कर जातो, त्याच्या हातून गावही थोडे थोडे जाते.

आता गावाच्या हाती स्वतःचा म्हणावा असा मोठा कर एकच उरला, तो म्हणजे घरपट्टी. तेव्हा तिच्याकडे नीट पाहू. पट्टीच्या एकाच कागदावर अनेक रकाने असतात. सामान्य कर, पाण्याचा, सफाईचा, अग्निशमनाचा, झाडांचा. त्यांच्याच खाली शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. हे शेवटचे दोन १९६२ च्या कायद्याने राज्य सरकारचे आहेत. महानगरपालिका ते केवळ गोळा करते. पुष्कळ माणसे सबंध रकमेसाठी महानगरपालिकेला बोल लावतात. त्यातला काही बोल मुंबईच्या पत्त्यावर पाठवायला हवा.

घराच्या भाड्यावरून आकारणी होते तिथे तिची रीत अशी. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करतात. दुरुस्तीसाठी त्यातला दहावा हिस्सा वजा करतात. उरले ते करयोग्य मूल्य. समजा, घराचे भाडे महिना पाच हजार धरले. वर्षाचे साठ हजार झाले. सहा हजार वजा जाता चोपन्न हजार राहिले. या चोपन्न हजारांवर निरनिराळ्या करांचे शेकडा दर लागतात. म्हणजे घरपट्टी दोन आकड्यांच्या गुणाकारातून निघते. एक मूल्य आणि दुसरा दर. दर वाढला की गलका होतो, कारण तो सभागृहात वाढतो आणि वर्तमानपत्रात छापला जातो. मूल्य मात्र मोजणीच्या वहीत वाढते, आणि ती वही कुणी पाहत नाही. दर होता तिथेच राहून पट्टी दुप्पट होऊ शकते. म्हणून घरपट्टीविषयी बोलणाऱ्याने दोन्ही आकड्यांवर नजर ठेवली पाहिजे.

दर ठरवण्यासाठी कायद्याने एक तारीख नेमली आहे. आयुक्तांनी अंदाज मांडायचा, स्थायी समितीने त्यावर विचार करून प्रस्ताव द्यायचा, आणि महानगरपालिकेने पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे. ही तारीख परभणीकरांनी ध्यानात ठेवायला सोपी आहे. फेब्रुवारीच्या आरंभी तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. उरुसाचे पाळणे उतरतात न उतरतात तोच आपल्या घरपट्टीचा निकाल लागायची वेळ येते. उरुसाला लोटणाऱ्या गर्दीतली शंभर माणसे जरी त्या दिवशी सभागृहाच्या सज्जात जाऊन बसली, तरी चर्चेचा सूर बदलेल अशी आमची खात्री आहे.

इथे कुणी म्हणेल, की आपण नगरसेवक निवडतो, तेच आपले मत. हा आक्षेप खरा आहे, आणि प्रतिनिधींच्या राज्याचा पायाच तो आहे. पण प्रतिनिधीच नसेल तर? २०१७ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर राज्यातल्या इतर अनेक शहरांप्रमाणे परभणीतही प्रशासकाचा कारभार सुरू झाला, आणि पुढचे मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडले. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने सांगितले आहे, की नगरसंस्थेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी. तरीही साडेतीन वर्षांहून अधिक काळ सभागृह रिकामे राहिले. प्रशासक चांगला असेल, कदाचित सभागृहाहून शिस्तीचाही असेल. पण सभागृहाचे अधिकार आणि आयुक्ताचे अधिकार एकाच माणसाच्या हाती येतात, तेव्हा प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होतो. त्या काळात कर भरताना आपण कुणाच्या संमतीने भरत होतो, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

मग आपल्याकडे लोकांचे प्रत्यक्ष मत कधीच घेतले जात नाही काय? घेतले जाते, आणि त्याचे उदाहरण मोठे बोलके आहे. दारूचे दुकान बंद करण्याविषयीचे २००८ चे नियम पाहा. गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. आलेल्या मतांपैकी निम्मी नव्हे, यादीतल्या निम्म्याहून अधिक. अट कडक आहे. तरीही महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायांनी, ज्यांतल्या पुष्कळींना अक्षरओळखही नव्हती, ती पुरी करून दाखवली आहे. तेव्हा सामान्य माणसाला गावाच्या प्रश्नावर मत देता येत नाही, असे कृपा करून कुणी म्हणू नये. खेड्यातही ग्रामसभा आहे. तिथे पंचायतीचा जमाखर्च गावापुढे ठेवावा लागतो. गंमत अशी, की शहराची हद्द वाढून एखादे खेडे आत आले की त्या खेड्यातल्या माणसाचा हा हक्क जातो. खेडूत असताना तो ग्रामसभेत उभा राहून प्रश्न विचारू शकत होता. नागरिक झाल्यावर त्याला उभे राहायला जागा उरत नाही. कायद्यात २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे खरी, पण अशी सभा भरलेली आमच्या तरी पाहण्यात नाही.

कराचे जे, तेच कारभाराच्या पद्धतीचे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा ही आपल्या जिल्ह्यातली नगरपालिकांची गावे. तिथला नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडावा की नगरसेवकांनी आपल्यातून निवडावा? २००१ साली ठरले, लोकांनी. २००६ मध्ये ठरले, नगरसेवकांनी. २०१६ मध्ये पुन्हा लोकांनी, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांनी, आणि २०२२ मध्ये पुन्हा लोकांनी. दोन्ही पद्धतींचे गुणदोष आहेत आणि त्यांवर शहाण्या माणसांत मतभेद असू शकतो. पण पाच वेळा पद्धत बदलली आणि पाचांतल्या एकाही वेळी सेलूच्या किंवा गंगाखेडच्या माणसाला विचारले गेले नाही. सत्ता कुणाची आली त्याप्रमाणे पद्धत बदलली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराने २०१२ साली मतदान करून थेट निवडलेला महापौर घेतला आणि २०२२ साली पुन्हा मतदान करूनच ती पद्धत मोडीत काढली. त्यांचा पहिला निर्णय चुकला असेल किंवा दुसरा चुकला असेल. पण चूक त्यांची स्वतःची होती, म्हणून ती दुरुस्त करणेही त्यांच्याच हाती राहिले.

तर मग परभणीतही करावर मतदान घ्यावे, अशी मागणी आम्ही करावी काय? स्पष्टच सांगतो, आज आम्ही ती करत नाही. कारण असे, की घरपट्टी भरणारा आणि नळाच्या पाण्यासाठी रात्री जागणारा हे नेहमी एकच नसतात. ज्याचे घर वहीवर नाही त्यालाही गटार हवे, दिवा हवा, दवाखाना हवा. करावरचे मतदान केवळ 'कमी करा' यापुरते उरले, तर ज्यांच्याकडे सर्वांत थोडे आहे त्यांच्या वाट्याची सेवा आधी कापली जाते. कॅलिफोर्नियाचा धडा आपण मघाशीच पाहिला.

पण त्या मतपत्रिकेबरोबर तिथे आणखी एक वस्तू मतदाराच्या घरी येते, आणि आमचे मन खरोखर तिच्यावर जडले आहे. ती म्हणजे एक पुस्तिका. प्रश्नाचा पूर्ण मजकूर तीत असतो. काउंटीच्या कायदा-सल्लागाराने कोणतीही बाजू न घेता लिहिलेले स्पष्टीकरण असते, की हा कर आला तर काय बदलेल आणि नाही आला तर काय होईल. मग बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे, विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे, आणि एकमेकांना दिलेली उत्तरे. सगळे एकाच पुस्तिकेत, शेजारीशेजारी छापलेले. आमच्या मते त्या पद्धतीचा प्राण शिक्का मारण्यात नाही, या पुस्तिकेत आहे. लोकांचे मत घ्यायचे म्हटले की आधी लोकांना समजावून सांगावे लागते. मतदान हे समजावण्याचे निमित्त होते.

ही पुस्तिका मागायला कायदा बदलावा लागत नाही. जानेवारीच्या अखेरीस महानगरपालिकेने आठ पानांचे एक चोपडे काढावे. मराठीत काढावे, उर्दूत काढावे. गेल्या वर्षी घरपट्टीचे किती आले, किती थकले, सरकारकडून किती आले. राहाटीच्या बंधाऱ्यावरून आणि येलदरीच्या धरणावरून पाणी आणायला किती खर्च येतो, आणि पाणीपट्टीतून त्यातला किती भागतो. पुढच्या वर्षी दर वाढवायचा असेल तर कोणत्या कामासाठी आणि किती काळ. आणि शेवटच्या दोन पानांवर विरोधी सभासदांचे म्हणणे, जसेच्या तसे. प्रत्येक प्रभागात एक सायंकाळ त्याचे वाचन व्हावे. लोकांना पाणी किती दिवसांआड येते, ते का, आणि ते अधिक लवकर यायचे तर घरामागे किती रुपये लागतील, हे एकदा आकड्यांत सांगा. मग लोक काय म्हणतात ते पाहू.

खर्चावर एकट्या माणसाने केलेल्या प्रश्नालाही किती वजन असते, याचा दाखला आपल्या घरातला आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त होते, लोकनियुक्त नव्हते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावावा असे जोतीरावांचे म्हणणे पडले. बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचे एकट्याचे. ठराव अर्थात मंजूर झाला. पण एवढ्या वर्षांनंतर त्या सभेतले आपल्याला काय आठवते? मंजूर झालेला खर्च नव्हे, त्या एकट्याचे मत आठवते. नगराचा पैसा कुणासाठी, हा प्रश्न त्या दिवशी एकदा विचारला गेला, तो अजून मिटलेला नाही.

येथवर आम्ही सरकारला आणि महानगरपालिकेला बोल लावले. आता थोडे आपल्या पदरातले. पुष्कळ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आम्ही दुसऱ्या एका गावी राहत होतो. तिथे घरांची फेरआकारणी झाली. आम्हालाही नोटीस आली. नवे मूल्य इतके, हरकत असल्यास अमुक तारखेच्या आत लेखी कळवावी. आम्ही ती नोटीस पंचांगाच्या मागे खोचून ठेवली. उद्या लिहू, परवा लिहू. एके दिवशी पंचांग काढले तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. पुढे वर्षभर आम्ही चहाच्या दुकानात बसून त्या पट्टीविरुद्ध जी भाषणे केली ती आजच्या भाषणाहून कितीतरी जोरदार होती. एका शेजारणीने, ज्यांचे यजमान नुकतेच वारले होते आणि ज्यांना लिहिण्यावाचण्याचा सराव नव्हता, मुलाकडून अर्ज लिहवून घेतला आणि सुनावणीला जाऊन सांगितले, की वरची खोली मोजली आहे, पण तिच्यावर छप्परच नाही. त्यांची पट्टी कमी झाली. आमची झाली नाही. होण्याचे कारणही नव्हते.

हरकत घेण्याचा हा हक्क परभणीतही आहे. आकारणीची यादी जाहीर होते, ती पाहता येते, मुदतीत तक्रार करता येते, तिची सुनावणी होते. त्यापुढे न्यायालयात अपिलाचा मार्ग आहे, पण तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणून पहिली पायरीच महत्त्वाची. आणि थकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती चढते. सावकाराला नावे ठेवणाऱ्या माणसाने स्वतःवर असे व्याज चढवून घ्यावे, यात शहाणपण नाही. शिवाय हिशेब मागायला जाणाऱ्याच्या हाती पावती असली म्हणजे त्याचा आवाज थोडा खणखणीत निघतो.

आपल्या गावाविषयी एक म्हण सर्वांच्या तोंडी आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. बाहेरचा माणूस ती थट्टेने म्हणतो आणि आपणही हसतो. जमले तर जमले, नाहीतर आहेच आपले बरे. गावाच्या कारभाराविषयी मात्र ही वृत्ती आपण फार दिवस बाळगली आहे. वरून जे येईल ते घ्यायचे, नाही आले तर कुरकुरायचे, आणि मुदत संपल्यावर पंचांग उघडायचे.

देवापुढे कौल लावायला बसतात तेव्हा गुरव आधी विचारतो, गाऱ्हाणे काय आहे ते नीट सांगा. प्रश्न नीट मांडल्यावाचून देवही उजवा-डावा देत नाही. लोकांचेही तसेच आहे. त्यांच्यापुढे प्रश्न नीट मांडा, आकडे मांडा, दोन्ही बाजू मांडा. ते कौल देतील, आणि आमचा विश्वास आहे, की बहुधा बरा देतील. येत्या जानेवारीत ते आठ पानांचे चोपडे आपण सर्वांनी मिळून मागावे, आणि हाती आले तर वाचावे, एवढीच आमची विनंती आहे. ते आले नाही, तर २० फेब्रुवारीपूर्वीच्या सभेला सज्जात आमच्या शेजारी जागा रिकामी असेल. तिथे अवश्य यावे.